एकाच पत्र्याखाली दोन वर्ग

टेकलेला पाय फिरत नाहीये. केशरी पट्ट्याची पोरगी उजवा गुडघा बाजूने वर आणते, नडगी जमिनीला समांतर होते, इथपर्यंत सगळं नीट. पण डावा पाय शहाबादी फरशीवर बोटं समोर करून तसाच उभा राहतो आणि कंबर अर्ध्या वाटेत अडते. लाथ पोहोचायच्या आधीच संपते. "टाच फिरव, टाच!" सर रांगेच्या पलीकडच्या टोकाहून ओरडतात. "टाच फिरव म्हणायलो ना मघापासून!" ती जोरात मान हलवते आणि पुन्हा तशीच मारते.

पूर्णेतला सप्टेंबरमधला रविवार. रात्रभर पाऊस पडून गेलाय. रेल्वे वसाहतीलगतच्या ज्या मैदानावर एरवी हे दोन वर्ग दोन टोकांना भरतात, तिथे आज पाय ठेवायची सोय नाही. ही आपली काळी माती. उन्हाळ्यात तिला बोट जाईल अशा भेगा पडतात, पावसात ती तळपाय सोडत नाही. अनवाणी खेळणाऱ्याला दोन्ही ऋतूंत त्रासच. म्हणून कराटे आणि तायक्वांदो, दोन्ही वर्ग आज एकाच पत्र्याच्या शेडमध्ये शिरलेत. भिंतीकडची अर्धी जागा कराटेवाल्यांची, नुसती फरशी. दाराकडची अर्धी तायक्वांदोवाल्यांची. त्यांनी दुचाकीवर बांधून आणलेल्या लाल-निळ्या जोडमॅट अंथरल्यात. जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा तोंडावर आल्यात, त्यामुळे पावसाची सुट्टी कोणालाच परवडत नाही. मी दाराजवळच्या खुर्चीवर बसलोय आणि दोन्ही वर्ग मला एका नजरेत दिसतायत. असा योग मैदानावर कधी येत नाही.

कराटेच्या बाजूला पाच रांगा आहेत. पुढे वरच्या पट्ट्यांची मुलं, मागे पांढऱ्या. सर आकडा देतात, "इची!", आणि सगळे उजवे पाय एकदम उठतात. "नी! सान! शी!" दहापर्यंत मोजणी गेली की पाय बदलायचा. पहिल्या रांगेत तपकिरी पट्ट्याचा एक मुलगा आहे, त्याची समोरची लाथ बघत राहावी अशी. गुडघा छातीपर्यंत येतो, मग पाऊल सुटतं, बोटं मागे ओढलेली, चवडा पुढे. आणि सुटलं त्याहून वेगाने ते परत येतं. पाय खाली टेकायच्या आधी गुडघा पुन्हा छातीशी आलेला असतो. गणवेशाचं जाड कापड फट्ट वाजतं.

पाचव्या रांगेत काय चाललंय ते सरांना दिसत नाही. मला दिसतंय. तिथली मुलं सरांकडे बघत नाहीत, चौथ्या रांगेकडे बघतात, चौथी तिसरीकडे. केशरी पट्ट्याची ती पोरगी तिसऱ्या रांगेत आहे, आणि तिच्या मागच्या दोघींचाही टेकलेला पाय फिरत नाहीये. चूक रांगेतून मागे सरकत गेलीय.

ही रांग आणि ही मोजणी कराटेत मुळातली नाही. ओकिनावा बेटावर 19व्या शतकात गुरू एका-दोघांनाच शिकवायचा, घराच्या अंगणात, पुष्कळदा लपूनछपून. 1901 मध्ये अंको इतोसू यांनी ही विद्या तिथल्या शाळेत नेली. एका शिक्षकापुढे वर्गभर मुलं आली तशी कवायत आली, आकडा आला, आणि मुलांना झेपावेत म्हणून पिनान नावाचे पाच छोटे काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या मालिका, इतोसूंनी बांधले. त्यांचे शिष्य गिचिन फुनाकोशी पेशाने शाळामास्तर. ते 1922 मध्ये प्रात्यक्षिक दाखवायला तोक्योला गेले आणि तिथलेच झाले. इथे पाचव्या रांगेत उभा असलेला पांढऱ्या पट्ट्याचा पोरगा त्या शाळेच्याच पद्धतीने शिकतोय.

आणि ती पद्धत टाकाऊ नाही, हे मला आज इथे बसून ठामपणे म्हणावंसं वाटतं. मोजणीला काही लागत नाही. मॅट नको, पॅड नको, गार्ड नको. चाळीस पोरं असोत की चार, मास्तरचा आवाज पुरतो. शेवटच्या रांगेत एक लाजरा, जाडसर मुलगा आहे. एकट्याने पुढे येऊन लाथ मार म्हटलं तर तो उद्यापासून येणार नाही. आकड्याच्या आडोशाने तो सगळ्यांबरोबर ओरडतोय, आणि त्याचा 'किआई' शेडमध्ये सगळ्यांत मोठा आहे. फी परवडत नाही म्हणून या वर्गातून कोणाला परत पाठवलेलं नाही, असं सर मघाशी सांगत होते. ते आकड्यामुळेच जमतं.

पण आकडा पायाला काही सांगत नाही. ते काम दाराकडच्या बाजूला चाललंय.

तिथे मॅडमकडे मुलं कमी, बारा-तेरा. जोड्या लावल्यात. एकाच्या हातात पॅड, दुसऱ्याने मारायचं. कोरियन मोजणी, "हाना, दुल, सेत", फक्त अंग मोकळं करताना ऐकू आली. आता तिची गरज नाही. पॅड धरणारा तो वर करतो तेव्हा लाथ, खाली नेला की थांब. लाथ नीट बसली तर 'टप्प' असा भरीव आवाज येतो, नुसती घासून गेली तर 'फस्स'. बरोबर की चूक, हे मारणाऱ्याला त्याच क्षणी कळतं. मॅडमनी सांगायची वाट बघावी लागत नाही.

आणि धरणाराही शिकतोय, हे मला विशेष वाटतं. एक छोटा मुलगा, दहाएक वर्षांचा, ताईसाठी पॅड धरून उभा आहे. पहिल्यांदा तो डोळे मिटून घेत होता. आता त्याची नजर तिच्या गुडघ्यावर आहे. गुडघा समोर उठला की तो कोणत्या बाजूला वळणार हे ताडून पोरगा पॅड किंचित फिरवतो. लाथ कुठून येते, किती अंतरावरून येते, कोणता खांदा आधी हलतो, हे त्याला न शिकवता कळत चाललंय.

मॅडम जोड्यांमधून फिरतात. त्या ओरडत नाहीत. एका मुलीमागे जाऊन उभ्या राहतात, तिचा उचललेला पाय घोट्यात धरतात, तसाच हवेत ठेवतात आणि स्वतःच्या पायाच्या अंगठ्याने तिच्या टेकलेल्या पायाची टाच पुढे ढकलतात. टाच वळली तशी मुलीची कंबर आपोआप वळते आणि पाय वीतभर पुढे पोहोचतो. "कळलं?" "हो मॅडम." एवढंच. टाच फिरवायचं हेच भिंतीकडून मघापासून कितीदा ओरडून सांगून झालंय. मॅटवर मात्र एक अडचण दिसते: घामाने तळपाय ओले झाले की ते मॅटला चिकटतात, मग फिरताना गुडघ्याला पीळ बसतो. म्हणून मॅडमनी फिरताना चवड्यावर यायला सांगितलंय, टाच कागदभर उचलून.

दोन्हीकडे हीच गोल फिरवून मारायची लाथ चाललीय. कराटेत मावाशी-गेरी, तायक्वांदोत दोल्यो-चागी, आणि पोरांच्या तोंडी दोन्हीकडे 'राउंड किक'. लांबून सारखीच दिसते. तशी ती एका घरातलीच. 1944 मध्ये सोलमध्ये चुंग दो क्वान ही शाळा काढणारे ली वोन-कुक जपानात फुनाकोशींकडे शिकलेले होते. 1955 मध्ये तायक्वांदो हे नाव पुढे आणणारे चोई होंग-ही यांनीही जपानात कराटेच शिकलेलं. मग फरक पडला कुठे? तो समोर बघूनच कळतो.

कराटेचा मुलगा लाथ मारताना पाठ ताठ ठेवतो, दोन्ही मुठी हनुवटीपाशी, आणि पाय झटकन परत ओढतो. तायक्वांदोची मुलगी धड मागे झुकवते, हात खाली सोडते, आणि पाय खाली न टेकवता तसाच हवेत ठेवून दुसरी लाथ मारते. एकाला ती आळशी वाटेल, दुसरीला तो आखडलेला. दोघंही बरोबर आहेत, कारण दोघांची भीती वेगळी आहे. तायक्वांदोच्या लढतीत तोंडावर ठोसा मारायला बंदी, पायात पाय घालून पाडायलाही बंदी. मग हनुवटीपाशी मुठी कशाला हव्यात? धड मागे नेलं तर डोकं लाथेपासून लांब राहतं आणि आपली लाथ उंच जाते. छातीच्या गार्डवर ठोसा बसला तर एक गुण, लाथ बसली तर दोन, डोक्यावर बसली तर तीन, आणि फिरून मारली तर त्याहून जास्त. सगळा हिशेबच पायाच्या बाजूने. कराटेत ठोशाला एक गुण, पोटा-छातीवरच्या लाथेला दोन, डोक्यावरच्या लाथेला तीन; पण तोंडाकडे येणारा ठोसा तिथे चालतो आणि पाय झाडून पाडताही येतं. मागे झुकून एका पायावर उभं राहिलात तर समोरचा तो पाय काढून घेईल, आणि पडलेल्यावर मारलेल्या ठोशाला तीन गुण आहेत. म्हणून पाठ ताठ, म्हणून पाय परत.

शैलीची चर्चा करणारे बहुतेक जण कोणाची लाथ जोरदार एवढंच विचारतात. मला वाटतं, लाथ मारून झाल्यावर माणूस कुठे उभा असतो, ते आधी बघावं.

नांदेडच्या बाजूने गाडी येते. स्टेशन जवळच आहे. परभणी, नांदेड आणि हिंगोलीमार्गे अकोला अशा तिन्ही दिशांना रूळ इथूनच जातात, त्यामुळे भोंग्याची इथे कोणाला नवलाई नाही. पण हा भोंगा लांबतो आणि पत्रा थरथरतो. सरांचे ओठ हलताना दिसतात, आकडा ऐकू येत नाही. पहिली रांग अंदाजाने मारते, दुसरी अर्धवट, पाचवी तर थांबूनच जाते. मॅटवर मात्र काही बिघडत नाही. पॅड वर जातो, लाथ येते. पॅड खाली, थांब. भोंग्याच्या आतूनही ती 'टप्प, टप्प' चालूच. सर ते बघतात. गाडी निघून गेल्यावरही ते लगेच मोजायला लागत नाहीत, कमरेवर हात ठेवून मॅटकडे बघत राहतात.

तेवढ्यात दाराशी एक काका येऊन उभे राहतात. रेल्वेतून निवृत्त झालेले, मीटरगेजच्या काळापासून इथलेच. कान कुस्तीने मोडलेले, त्यावरूनच कळतं की तालमीत अंग घासलेलं आहे. सर त्यांना वाकून नमस्कार करतात. "या काका, आज आत या."

काका चप्पल बाहेर काढतात, थोडा वेळ बघतात आणि तपकिरी पट्ट्याच्या मुलाला बोलावतात. "बाळा, मला मार बरं. हळू मार."

मुलगा लाजत लाजत गोल लाथ उचलतो. काका मागे सरत नाहीत, उलट अर्धं पाऊल पुढे घुसतात. लाथेचा जोर पावलात असतो. मांडीपाशी येऊन उभ्या राहिलेल्या माणसाला ती नुसती लागते, इजा करत नाही. काकांचा हात मुलाच्या मांडीखाली गेलेला असतो आणि पाय त्याच्या टेकलेल्या पायामागे. बाहेरली टांग. ते त्याला पाडत नाहीत, नुसतं हलवून दाखवतात. मुलगा त्यांच्या खांद्याला धरून कसाबसा उभा राहतो.

"पाय उचलला की तू अर्धा माझा," काका म्हणतात. "म्हणून तुमचे सर पाय लवकर वढ म्हणायलेत. उगंच नाही म्हणत. आता कळालं का कामून?"

मुलगा मान हलवतो. त्यानंतरच्या त्याच्या लाथेत फरक पडलेला मला दिसतो. आधी पाय परत येत होता तो सवयीने. आता त्याला मागे ओढणारं काहीतरी आहे. तालमीत असंच शिकवतात. वस्ताद आकडा देत नाही, पाठही घेत नाही. हौद्यात मोठा पहिलवान धाकट्याला अंगावर घेतो, डाव करू देतो, कच्चा असेल तर तिथेच अडवतो. चूक अंगाला लागते आणि अंगच ती दुरुस्त करतं. बडोद्याहून दहा खंडांत निघालेल्या व्यायामज्ञानकोशात त्याचे संपादक मुजुमदार यांनी आपले डाव-पेच नोंदून ठेवले, ते मोठंच काम. पण काकांनी मुलाच्या मांडीला दिलेला तो दाब कोणत्याही पानावर उतरणारा नाही. आपल्याकडे ही शिकवण्याची रीत असताना जपानी-कोरियन वर्गांनी ती मागून घ्यायला हरकत नसावी, असं मला फार वाटतं. तालमी ओस पडत चालल्यात. त्यांचे वस्ताद अजून गावोगावी आहेत.

दारात छत्री घेऊन उभा असलेला एक बाप मध्येच सरांना विचारतो, "सर, दहावीला मार्क कशाचे मिळतेत, ह्याचे का त्याचे?" सर सांगतात की खेळ कोणता यापेक्षा स्पर्धेत कुठपर्यंत गेलात ते महत्त्वाचं. पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, तेही ते जोडतात. बापाचं समाधान होतं. त्याला दोष देता येत नाही. पोराच्या भरतीची वाट तो बघतोय.

कोपऱ्यात दोन मुली पंजाबी ड्रेसवर उभ्या आहेत, ओढण्या कमरेला गाठ मारून. चुडाव्याहून आल्यात. त्यांच्या शाळेत समग्र शिक्षा अभियानातल्या राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षणाचा तीन महिन्यांचा वर्ग झाला, तेव्हापासून त्यांना गोडी लागलीय. त्यांच्याकडे गणवेश नाही, पट्टाही नाही. मॅडम त्यांना दप्तर पाठीवर घ्यायला लावतात. "घ्या, भरलेलंच घ्या. रस्त्यात कोणी अडवलं तर दप्तर उतरवून मारणार का?"

त्यांची लाथ या शेडमधली सगळ्यांत खालची. कमरेच्या वर जातच नाही. मनगट धरलं की अंगठ्याच्या बाजूने हिसडा, त्याच वेळी टाचेने समोरच्याच्या नडगीवर, आणि पोटातून ओरडणं: "सोड!" मग पळायचं. गुडघा छातीपर्यंत आणायला वेळ नाही, पाय परत ओढून उभं राहायलाही नाही, कारण तिथे थांबायचंच नाही. यात सौंदर्य नाही आणि गुणही नाहीत. उंच लाथेला टाळ्या पडतात, पण दप्तर घेऊन बसथांब्यावर उभ्या असलेल्या मुलीच्या कामाची लाथ हीच, आणि ती शिकवताना मॅडमचा आवाज पहिल्यांदाच चढलेला आहे. पहिली मुलगी "सोड" म्हणते ते विनंतीसारखं. "घरच्यांशी बोलायलीस का?" मॅडम विचारतात. "पुन्हा." पाचव्या-सहाव्या वेळी आवाज असा फुटतो की कराटेच्या रांगा वळून बघतात.

आता सर आणि मॅडम बाजूला उभे राहून काहीतरी ठरवतायत. मुलं ओळखतात आणि कुजबुज सुरू होते: "फाईट लावायलेत." मॅटवरची पॅडं गोळा होतात. कराटेची जांभळ्या पट्ट्याची मुलगी आणि तायक्वांदोची लाल पट्ट्याची, दोघी 17 वर्षांखालच्या गटातल्या, वजनही जवळपास सारखं. दोघींना छातीचे गार्ड, डोक्याला गार्ड. नियम दोघांचे मिळून: छातीवर ठोसा आणि लाथ दोन्ही चालतील, तोंडाकडचा ठोसा आणि डोक्याकडची लाथ अलीकडे थांबवायची, पाय झाडायचा नाही. गुण लिहायचे नाहीत.

सुरुवात होते. लाल पट्ट्याची मुलगी पुढचा पाय उचलून धरते, गुडघा वर, आणि तो खालीच ठेवत नाही. जांभळ्या पट्ट्याची जवळ यायला गेली की तोच पाय सरळ होतो आणि गार्डवर बसतो. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा ती दूरच थांबते. तिला असं कोणी अडवलेलं नाही. तिच्या रांगेत पुढची मुलगी नेहमी पाठमोरी असते. "बघ, बघ, घाई नको," सर म्हणतात. ती बघते. लाल पट्ट्याचा पाय दमतो, खाली टेकतो, आणि त्याच क्षणी ती आत शिरते. उलट्या हाताचा ठोसा नाकासमोर चार बोटांवर येऊन थांबतो. लाल पट्ट्याचे हात खालीच. तिचे डोळे मोठे होतात. तोंडाकडे मूठ येताना तिने कधी बघितलेली नाही.

"आमच्यात हा एक गुण," सर म्हणतात.

"आमच्यात ही ताकीद," मॅडम म्हणतात.

पोरं दोन्ही बाजूंनी ओरडायला लागतात. लाल पट्ट्याची मुलगी आता चिडलीय. ती गर्रकन फिरते आणि पाठमोरी लाथ गार्डवर अशी बसते की जांभळी दोन पावलं मागे जाते. दोन्ही वर्ग टाळ्या वाजवतात. पुन्हा जवळ येतात, पुन्हा तो अडवणारा पाय. पण या वेळी जांभळी त्याला हाताने बाजूला सारते आणि तिची गोल लाथ उठते, लांबून, मोठ्या वळणाने, आणि हेडगार्डला नुसती टेकून परत येते. धड ताठ, मुठी जागेवर.

"तीन!" सर म्हणतात.

"तीन," मॅडमही म्हणतात. यावर वाद नाही. "पण लाथ लांबून दिसली. आमच्या पोरीचे हात वर असते तर ती अडली असती. तिच्या हातांकडे मला बघावं लागणार."

"आणि माझ्या पोरी समोर कोणी असलं की गोंधळायल्या." सर रुमालाने मान पुसतात. "तुमचे दोन पॅड मिळतील का मला? मंगळवारपर्यंत."

"दोन न्या. मंगळवारी मात्र मला लागतील. आणि जाताना आमच्या पोरांना ते गुडघा परत ओढायचं एकदा दाखवा, सावकाश, तुमच्या मोजणीवर."

काकांनी तोवर दारातली खुर्ची आत ओढून घेतलीय. मी उभा राहतो. सर पॅड हातात घेऊन बघतात, कुठे धरायचं ते मॅडम दाखवतात, आणि ते तिसऱ्या रांगेकडे वळून पुढच्या जोडीला हाक मारतात.